बिल्ल्याची पाठ

बिल्ला हातात आला की बाई आधी त्याचा वास घ्यायच्या, मग जिभेचं टोक लावायच्या आणि मग चष्मा कपाळावर ढकलून म्हणायच्या, "हं, आता बोल." हे त्या बिल्ल्याला सांगत. पहिल्यांदा स्टाफरूममध्ये हा प्रकार पाहिला तेव्हा मी शाळेत नवीन होते. मी रसायनशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेतलं काहीही तोंडात घालू नका, हे मुलींना सांगून सांगून माझा घसा बसतो. आणि इथे इतिहासाच्या सगळ्यांत ज्येष्ठ शिक्षिका, शाळेच्या एनसीसीच्या ऑफिसर, भर मधल्या सुट्टीत पितळ चाटत होत्या. मी म्हटलं, "बाई, विषबाधा होईल." त्या म्हणाल्या, "तुझ्या डब्यातल्या भेंडीपेक्षा बरं आहे."

अशी आमची ओळख झाली, आणि नंतर बाई जिथे जिथे गेल्या तिथे माझ्या स्कूटीवर मागे बसून गेल्या. त्या मागे बसल्या की गाडी मी चालवत नसे, त्याच चालवत. "डावीकडे दाब. हॉर्न दे. हा म्हशीसारखा मध्ये उभा आहे त्याला दे." सोलापूरच्या सात रस्त्याच्या चौकातले पोलीस त्यांच्या आवाजाला सिग्नलपेक्षा जास्त घाबरत असावेत.

त्यांना छंद एकच. सैन्यातले जुने बिल्ले. टोपीवरचे, खांद्यावरचे, पट्ट्याचे, गणवेशाची बटणं. पूर्व भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांची थप्पी होती, आणि त्या डब्यांत कापसावर हे सगळं झोपलेलं असे. तुम्ही हे का जमवता, असं विचारलं की दर वेळी उत्तर वेगळं. एकदा म्हणाल्या, "नवरा केला नाही, काहीतरी पुसायला पाहिजे की." एकदा म्हणाल्या, "माणसं थापा मारतात, पितळ मारत नाही." हे दुसरं त्यांना फार आवडायचं. मला तेव्हाही ते पूर्ण पटलं नव्हतं.

कारण पितळ चांगलंच खोटं बोलतं. हल्ली जुन्या बिल्ल्यांच्या नकला ढिगाने निघतात. एक खरा बिल्ला घ्यायचा, त्याचा साचा करायचा, त्यात पितळ ओतायचं आणि जुना दिसावा म्हणून तो बिल्ला चहाच्या पाण्यात भिजवायचा, नाहीतर उकिरड्यात पुरायचा. कुणी कुणी ज्यात पुरतात ते मी इथे लिहीत नाही. बाई मात्र तेही जिभेवर ओळखायच्या. "हा गोठ्यातून आलाय," असं म्हणून शांतपणे चूळ भरायला जायच्या.

मंगळवारच्या बाजारात एक चाचा जुन्या वस्तू घेऊन बसायचे. बाई दिसल्या की अर्धी पथारी झाकायचे आणि ओरडायचे, "बाई, जीभ नक्को लगाव, कलच घासलेट से धोया मैं!" चाचांचा धंदा मात्र सरळ होता. पोत्यावर दोन ढीग असत. एक नाटकाचा, एक लढाईचा. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाटकाला नक्कलही लागतेच, ती नाटकाच्या ढिगात; खरे बिल्ले लढाईच्या. कुठल्या ढिगात काय घालायचं हे मात्र बाई ठरवत. बाईंनी नाटकाच्या ढिगात टाकलेला बिल्ला चाचांनी लढाईचा म्हणून विकला, असं कधी झालं नाही. बाई त्यांना एकदाच सांगत.

'मी एकदाच सांगते' हे त्यांचं ब्रीद होतं. वर्गात, कवायतीच्या मैदानावर, भाजीवाल्याकडे, मुख्याध्यापकांच्या खोलीत. एखादी मुलगी "बाई, पुन्हा सांगता का?" म्हणाली की बाई खिडकीबाहेर बघत उभ्या राहायच्या आणि वर्गाला कळायचं की आज हा विषय संपला. एवढं असून त्यांच्या वर्गातल्या मुलींना इतिहास तोंडपाठ असे. ऐकायची सवयच लागायची ना.

बिल्ल्यांच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांच्या घरातून आलेला होता. वडील चादरी विणायचे. लहानपणी गिऱ्हाईक आलं की वडील चादर उलगडायचे आणि समोरची बाजू दाखवण्याआधी ती उलटी करायचे. विणलेल्या चादरीची नक्षी मागेही उमटते, उलट्या रंगांत. छापलेल्या चादरीची पाठ कोरी असते. तसंच बिल्ल्याचं, बाई म्हणायच्या. खरा बिल्ला पत्र्यावर ठोकून काढतात, त्यामुळे समोर जे उंच ते मागे खोल. ओतलेल्या नकलेची पाठ सपाट असते, नाहीतर वाळूसारखी खरखरीत. "पाठ बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही." व्हॉट्सॲपवर कुणी फोटो पाठवला तर त्या उत्तर द्यायच्या, "फोटोला पाठ नसते," आणि फोन बंद.

बाई जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांचे डबे भाचीने नेले. लोक त्यांची आठवण काढतात ती जिभेवरून, आवाजावरून. मला मात्र त्या म्हटलं की माढ्याच्या पुढचं ते गाव आठवतं आणि तिथल्या पारावरचा माइक.

त्या गावाने एक भिंत बांधायला काढली होती. आपल्या गावातून लढायांना जे गेले आणि परत आले नाहीत, त्यांची नावं तिच्यावर कोरायची. कल्पना चांगली, पण नावं मागवल्यावर यादी एवढी वाढली की अर्धं गाव लढाईवर गेलं होतं असं दिसायला लागलं. भांडणं सुरू झाली. तेव्हा सरपंचांनी ठरवलं की ज्या घरात सैन्याची एखादी वस्तू आहे, तिची पारख करून मगच नाव घालायचं. सरपंचांची बायको बाईंची विद्यार्थिनी. बोलावणं आलं. बाईंनी इस्त्रीची साडी काढली, मला म्हणाल्या, "सुट्टी टाक," आणि आम्ही एसटीने निघालो.

पारावर टेबल, टेबलावर पांढरी चादर, शेजारी माइक. लोक एकेक वस्तू आणून ठेवत होते. बाई बघत आणि निकाल माइकवरून सांगत. पहिल्या काही वस्तू चोख निघाल्या. मग एका धाकट्या पुढाऱ्याने मोठा चकचकीत बिल्ला मांडला. बाईंनी तो उलटा केला, जीभही लावली नाही. "हा ऑनलाइन मागवलाय. खोक्यासकट आणला असतास तर बरं झालं असतं." सगळं गाव हसलं. बाई रंगात आल्या. मी त्यांना ओळखत होते. त्या रंगात आल्या की समोर देव आला तरी त्याची हजेरी घेतील.

तेवढ्यात एक तिशीतला मुलगा पुढे आला. रुमालात गुंडाळलेली एक वस्तू त्याने टेबलावर ठेवली. "पणजोबांचा हाय," एवढंच म्हणाला. तो बोलायला लाजत होता. दुसऱ्या महायुद्धात त्याचा पणजोबा परदेशी गेला आणि तिकडेच राहिला, असं सरपंचांनी सांगितलं.

बिल्ला टोपीवरचा, मध्ये बिगूल. पण बिगूल कसला, साबणाची झिजलेली वडी. अक्षरं पुसट. खाचांमध्ये जुनेपणाचा काळपटपणा नावाला नाही, सगळीकडे एकसारखा पिवळा. टोपीत अडकवायच्या कड्या नाहीत. मागे तांब्याचा पत्रा बसवलेला, त्याची कड पुढे वळवून दाबलेली. बाईंनी भिंग लावलं, काढलं आणि माइककडे वळल्या. "ही नक्कल आहे. ओतीव. नक्षी बोथट, कड्या नाहीत, जुनेपणा नाही. पत्रा नंतर कुणीतरी लावलाय. हे नाव यात येणार नाही."

रुमालात बिल्ला गुंडाळताना मुलाने तो आधी कपाळाला लावला. हे मी पाहिलं, बाईंनी पाहिलं नाही. त्या पुढच्या घराला हाक मारत होत्या.

परतीच्या एसटीत बाईंनी शेंगा खाल्ल्या आणि त्या छान झोपल्या.

काही आठवड्यांनी तोच मुलगा शाळेच्या फाटकाशी उभा. सोलापुरातच एका कारखान्यात कामाला होता, ड्यूटी संपवून आला होता. मी बाईंना बोलावलं. चहाच्या टपरीवर आम्ही तिघं उभे राहिलो. तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, रागवू नका. आजीनं निरोप दिलाय. म्हनती, त्या बाईंना घरी घिऊन ये. माज्या बापाला माज्यासमोर खोटं म्हनू दे."

बाई ताठ झाल्या. "मी एकदाच सांगते, बाळ."

"व्हय मॅडम, सांगितलं मी तिला. पन ती आयकत न्हाय. रोज पूजेला बसली की त्योच इषय. देवघरात हाय ना त्यो. टाक हाय त्यो आमच्या वीराचा. म्हनून तर मागं तांब्याचा पत्रा हाय."

आमच्या बाई विणकरांच्या घरातल्या, त्यांच्याकडे टाक नसतात. मला सांगावं लागलं. शेतकरी घरांत देव्हाऱ्यात धातूच्या छोट्या पत्र्यांवर देव उमटवलेले असतात, खंडोबा, भवानी, ते टाक. घरातलं कुणी लढाईत गेलं तर तो त्या घराचा वीर होतो आणि त्याचाही टाक देवांत बसवतात, रोज पूजा होते.

बाईंनी हे सगळं ऐकलं. मग कप टपरीच्या फळीवर ठेवला आणि मला विचारलं, "मी पाठ बघितली होती का गं?"

"नाही बाई. मागे पत्रा होता."

"म्हणजे पाठ न बघता मी तोंड उघडलं."

बाईंचा चेहरा मी एवढ्या वर्षांत असा पाहिला नव्हता. त्या घाबरल्या होत्या, आणि मला त्यांची दया आली, जी त्यांना अजिबात चालली नसती. पण ते क्षणभरच. लगेच पदर खोचून त्या मुलाला म्हणाल्या, "रविवारी येते. आजींना सांग."

रस्त्यात मी म्हटलं, "बाई, नक्कल असेलही. तुम्ही चुकलाच असाल असं कशावरून?"

"तेच बघायचं आहे की. खोटा असला तर तोंडावर खोटा म्हणेन. पण बघून म्हणेन." मग म्हणाल्या, "आणि खरा असला तर काय करायचं तेही ठरलंय."

रविवारी गेलो. घर साधं, पत्र्याचं, अंगण शेणाने सारवलेलं. आजी ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, अंगाने काटकुळ्या, कपाळावर गोंदण. बाईंना वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "माज्या बापाला खोटं म्हनलेल्या बाई तुमीच व्हय?"

"हो. मीच."

"आला ते बरं केलं. बसा. च्या घ्या आदी." आणि लगेच आत तोंड करून, "सूनबाई, दूध उतू चाललंय बग!" सून चुलीजवळच उभी होती, तिलाही कळलं नव्हतं. मी थक्क झाले. या वयाला असे कान.

चहा झाल्यावर आजींनी सांगितलं, ते फार थोडं होतं. बाप गेला तेव्हा त्या पाळण्यात होत्या. माणूस आला नाही, त्याची ट्रंक आली. ट्रंकेत टोपी होती, ती उंदरांनी खाल्ली, बिल्ला राहिला. आईने सोनाराकडून कड्या काढून मागे तांबं लावून घेतलं आणि तो देवांत बसवला. "मला बाप म्हनून दाखवला त्यो ह्योच. आय सांगायची, बाबाच्या पाया पड. मी पडायची." एकुलती एक लेक, म्हणून नवरा या घरी नांदायला आला आणि देव याच घरात राहिले.

"भिंतीवर नाव न्हाय आलं तर न्हाय," आजी म्हणाल्या. "पन तुमी त्या भोंग्यावर समद्या गावाम्होरं खोटं म्हनला. आता दिवा लावताना माजा हात थांबतोय. आयनं सोनाराकडनं फसवून घेतलं का काय, आसं मनात येतंय. या वयाला आयवर संशय घ्यायचा म्हंजे काय, तुमीच सांगा."

बाईंनी मान खाली घातली नाही. त्या म्हणाल्या, "आजी, पत्रा उकलून पाठ बघितली तर लगेच कळेल. सोनाराकडे जाऊ. मी स्वतः पुन्हा बसवून आणते."

"न्हाय. वीर उघडा करत न्हाईत."

मला वाटलं, आता बाई हुज्जत घालणार. पण त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. खोटं म्हणताना मी पाठ मागितली नव्हती. आता कशाच्या तोंडाने मागू? समोरूनच बघते. देवघर दाखवाल का?"

बाईंचे गुडघे कामातून गेलेले होते. कवायतीला सुद्धा त्या खुर्चीवर बसून हुकूम द्यायच्या. तरी त्या देव्हाऱ्यासमोर जमिनीवर बसल्या. वीराचा टाक आजींनी त्यांच्या हातात दिला, पण बाईंनी तो बघितला नाही. आधी बाकीचे देव मागितले. खंडोबाला नाक नव्हतं. घोड्याचे पाय मिळून एक गोळा झालेला. भवानीचे हात पुसलेले. सगळे एकजात पिवळेधमक, खाचेत कण नाही.

"हे कशाने घासता?"

"चिचंनं. सनावाराला चिच, रोज नुसती राख."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "चिंच आणि पितळ हा विषय कुणाचा?"

"माझा," मी म्हटलं. चिंचेतलं आम्ल पितळावरचा काळपटपणा खातं, हे आठवीच्या मुलीलाही मी सांगते.

मग भिंग. खंडोबावर बारीक ओरखडे होते, सगळे एकाच बाजूला कललेले. भवानीवर तसेच. बिगुलावर तसेच. "आजी, तुम्ही डावऱ्या का?"

"व्हय. आय बी डावरी व्हती." आजी पहिल्यांदा जरा पुढे सरकल्या. "तुमाला कसं कळलं?"

"देवांनी सांगितलं," बाई म्हणाल्या. मग मान हलवली. "पण एवढ्याने नाही भागत. नक्कलही अशीच घासली असती तर अशीच झिजली असती." त्या हार मानायला आल्या नव्हत्या आणि मेहरबानी करायलाही नाही. टाक त्या हातात फिरवत राहिल्या आणि तांब्याची जी कड पुढे वळवून दाबली होती तिथे थांबल्या. तिथे एक बारीक खाच होती. अंगठा तिथे पोचत नव्हता, चिंच पोचत नव्हती. तिथे फक्त वर्षानुवर्षांचं कुंकू जाऊन बसलं होतं, दगड होऊन.

"इथलं कुंकू काढू का? पत्र्याला धक्का लावणार नाही."

आजींनी विचार केला. मग नातवाला बाभळीचा काटा आणायला सांगितला. बाईंनी त्या काट्याने कुंकू उकरलं, आमच्या बाईंनी, ज्यांना भाजीवाल्याने वजन करायला लावलेला वेळ सहन होत नसे. काळपट लाल कण आजींनी धरलेल्या तळहातावर पडत होते. त्यातला एकही त्यांनी खाली सांडू दिला नाही.

मग बाईंनी भिंग माझ्या हातात दिलं. बिगुलाला गुंडाळलेल्या गोफाचं एक टोक त्या कडेखाली गेलं होतं. बाहेरचा गोफ म्हणजे नुसती वळकटी. पण कडेखालच्या त्या टोकाला एकेक पीळ सुटा होता, कालच ठोकल्यासारखा धारदार. ओतलेल्या पितळात असा पीळ येत नाही, तो साच्यातच बुजतो. हे बाईंनीच मला शिकवलं होतं.

"खरा आहे," बाई म्हणाल्या. "लेकीच्या हातांनी झिजलाय."

तळहातावरचं कुंकू आजींनी देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात ठेवलं.

बाई उठल्या, म्हणजे मी आणि नातवाने त्यांना उठवलं. लंगडतच त्या पारावर निघाल्या. सरपंच धावत आले. सगळं ऐकून घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, मग झालंच की. गवंडी हितंच हाय. नाव घालून टाकतो गुपचूप. कशाला उगं गाजावाजा? तुमचं नाव लई मोटं हाय."

"खोटा म्हटलं ते मी गुपचूप म्हटलं होतं का? माइक लावा."

माइक लागला. संध्याकाळची वेळ, लोक पाराशी जमलेलेच होते. नातवाने आजींना आणून अगदी पुढे खुर्चीवर बसवलं. त्यांच्या मांडीवर रुमाल, रुमालात टाक. बाई माइकसमोर उभ्या राहिल्या. "मागच्या खेपेला या घरचा बिल्ला मी खोटा म्हटलं. तो खरा आहे. मी पाठ न बघता बोलले. चूक माझी आहे, त्या घराची नाही."

बाई माइकपासून मागे सरकल्या. तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरून आवाज आला.

"ऐकू न्हाय आलं. पुन्यांदा म्हना."

मी आजींकडे बघितलं. भिंतीपलीकडचं दूध उतू चाललेलं ज्यांना ओसरीवरून ऐकू आलं होतं, त्या आजी माइकच्या पुढ्यात बसून कानामागे हात धरून होत्या. बाईंनीही बघितलं. त्यांना ते दूध आठवलं असणारच. वर्गात असं कुणी म्हटलं की खिडकीबाहेर बघणाऱ्या आमच्या बाई पुढे झाल्या, माइक तोंडाशी घेतला आणि कवायतीच्या मैदानावर लावत तो आवाज लावून सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. या वेळी माणसाचं नाव घेऊन, त्याच्या बापाचं नाव घेऊन, गावाचं नाव घेऊन.

आजींनी पदर डोक्यावरून नीट केला. रुमाल उचलून नातवाच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "चल, घरी न्हे आता त्यास्नी. दिव्याची येळ झाली."